डोरिसचा रेडिओ आणि थांबलेला धावफलक

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस मला ब्रेडचा डबा समजतो. तपकिरी लाकडाचे अंग, पुढे जाड कापडाची जाळी, उजवीकडे दोन गोल बटणे आणि मध्ये आकड्यांची पिवळट काच. पण मी डबा नव्हे. मी पन्नाशी उलटलेला रेडिओ आहे, आणि देवाच्या दयेने अजून बोलतो. मराठी मात्र मी फार उशिरा शिकलो. ती मला कुणी शिकवली, तेच आज तुम्हांला सांगायचे आहे.

माझा जन्म कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या एका कारखान्यात झाला. तिथे लांब टेबलांशी बसून बायका तारांना डाख देऊन त्या जोडत असत. मला जोडणारी बाई काम करताना गुणगुणत असे. पहिल्यांदा वीज आली तेव्हा माझ्या पोटात उबदार गुंजन सुरू झाले. ते तिच्याच गुणगुणण्यातले उरलेले असावे, असे मला अजून वाटते. मग पेटीत घालून मला आगगाडीने पूर्वेला, समुद्राकाठच्या हॅलिफॅक्स शहरात पाठवले. तिथे बंदरातल्या फेरीबोटीवर काम करणाऱ्या अँगस मॅकआयझॅक नावाच्या माणसाने मला विकत घेतले. लग्नाच्या वाढदिवसाला त्याने मला आपल्या बायकोला, डोरिसला दिले.

डोरिसने मला स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले. हॅलिफॅक्सला धुके फार. ते सकाळी समुद्रावरून चढून येई आणि खिडकीच्या काचेला गाल लावून उभे राही. समोरचे घर नाहीसे होई, झाड नाहीसे होई. अशा वेळी जगात फक्त दोनच गोष्टी उरत, चुलीवरची किटली आणि माझा आवाज. बातम्या, हवामान, गाणी, सगळे मी सांगत असे. पण डोरिसचा जीव होता बेसबॉलवर. टोरांटोचा संघ खेळत असला की ती कणीक मळतानाही हात थांबवून ऐके.

वर्षे गेली. अँगस गेला. डोरिसची दृष्टी हळूहळू मंदावली आणि एके दिवशी पुरती गेली. दूरचित्रवाणी संच तिने कुणाला तरी देऊन टाकला. मला मात्र दररोज मऊ फडक्याने पुसत राहिली. समालोचक सांगे, ती पाही. तिचे मैदान माझ्या जाळीमागे होते.

दोन हजार पंधरा सालच्या वसंतात डोरिसच्या घराच्या तळमजल्यात, तिथे ज्याला बेसमेंट म्हणतात त्यात, एक जोडपे भाड्याने राहायला आले. नवऱ्याचे नाव सुधाकर. तो बंदरावर कंटेनरांच्या नोंदीचे सॉफ्टवेअर सांभाळत असे. बायकोचे नाव पद्मजा. सांगलीच्या कॉलेजात ती बारा वर्षे संख्याशास्त्र शिकवत होती. इथे तिची प्रमाणपत्रे तपासायला गेली होती आणि महिनोन्‌महिने तिथेच पडून होती. तिने चाळीस ठिकाणी अप्लाय केले. कुणी बोलावले नाही.

पद्मजा डोरिसची पत्रे वाचून दाखवायला वर येऊ लागली. पत्रे संपली तरी ती बसून राही. खाली दिवसभर तिच्याशी बोलायला कुणी नव्हते. एका दुपारी मी सामना सांगत होतो आणि तिने विचारले, हे चाललेय तरी काय? डोरिसने मिठाची बाटली, मिरपुडीची बाटली आणि दोन चमचे टेबलावर मांडून तिला बेसबॉल शिकवला. पिचर म्हणजे चेंडू फेकणारा, चार तळांची, म्हणजे बेसची, फेरी पूर्ण केली की एक धाव, चेंडू मैदानाबाहेर गेला की होम रन. आठवड्याभरात पद्मजा ग्रोसरीच्या जाहिरातींच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे मांडू लागली. महिन्याभरात ती डोरिसला सांगू लागली की हा पिचर नव्वद चेंडूंनंतर ढिला पडतो.

डोरिस म्हणाली की ते आकड्यांवाचूनही कळते. पिचर थकला की आधी प्रेक्षकांचा आवाज बदलतो, समालोचकाचा त्यानंतर. पद्मजा माझ्या जाळीला कान लावून बसली. मला फार मोठे झाल्यासारखे वाटले.

ती मला ऐकत स्वतःशी पुटपुटत असे, आणि ते मराठीत. "आता जाणार हा," "थांब, थांब, अजून नाही." सुधाकर कामावरून आला की दोघे माझ्यासमोर उभे राहून बोलत. असा मी मराठी शिकलो.

त्याच उन्हाळ्यात पद्मजाने एक नवे काम शोधले. मित्रांनो, सामना चालू असताना प्रत्येक संघाच्या विजयाला एक भाव असतो आणि तो सारखा हलत असतो. इंटरनेटवरच्या काही साईटवर हे भाव विकत घेता येतात. काही लोक तिथे कोण जिंकणार यावर अडून बसत नाहीत. स्वस्त असताना घेतात, महाग झाला की सोडतात, म्हणजे विकून टाकतात. त्यांना स्पोर्ट्स ट्रेडर म्हणतात. पद्मजा तशी ट्रेडर झाली.

सुधाकरला ते रुचले नाही. त्याच्या मते पैज ती पैज, नाव काहीही द्या. पद्मजाने त्याला कागद दाखवले. आपण अंदाज करत नाही, हिशेबाने चालतो, आणि दहातल्या चार वेळा हरणार हे धरूनच चालतो, असे ती समजावत होती. तो बराच वेळ कागद पाहत राहिला. शेवटी एवढेच म्हणाला, "हिशेब बरोबर असेल. पण साईटवाले कोण आहेत, ते कुठे बसतात, ते तुला माहितेय का?"

ते तिला ठाऊक नव्हते. कुणालाच ठाऊक नव्हते. त्या साईट दूरच्या कुठल्या तरी बेटावरून चालत. त्यांच्यावर हिरवेगार मैदान आणि हसरी माणसे असत, पण दाराचा पत्ता नसे.

आणि त्या साईट भारी लहरी होत्या. ऐन मोक्याला अडकत. भाव सोडायची वेळ आली की पडद्यावर एक छोटेसे चाक फिरत राही. चित्र तर खरा खेळ घडून गेल्यावर अर्ध्या मिनिटाने उमटे. म्हणून पद्मजा लॅपटॉप उचलून वर, माझ्यापाशी आली. मला मैदानातली हाक लवकर पोचत असे. मी होम रन सांगे, तेव्हा तिच्या पडद्यावरचा पिचर अजून टोपी सारखी करत असे. प्रेक्षकांच्या कुजबुजीत बदल झाला की ती हळूच भाव सोडून मोकळी होई. नंतर साईट अडकली तर अडकली.

ते दोन उन्हाळे माझ्या आयुष्यातले सर्वांत गोड. दुपारचे ऊन टेबलावर सांडलेले असे. डोरिस वाटाणे सोलत असे, पद्मजा बोटाने पडद्याला टिचकी मारत असे, आणि मी दोघींच्या मध्ये गुंजत असे. बाहेर धुके आले तरी आम्ही तिघे कुठल्या तरी दूरच्या हिरवळीवर बसलेलो असू. एकदा सुधाकरने विचारले की एवढ्या जुन्या खोक्यावर तुझा विश्वास कसा. ती म्हणाली, "हा अडकतो तेव्हा निदान खरखरतो. अडकलोय म्हणून सांगतो तरी."

एवढी स्तुती माझी कुणी कधी केली नव्हती.

पण दोन हजार सतराच्या मे महिन्यात तिला एक नवी साईट सापडली. झपाझप चालणारी, चकचकीत. तिच्यावर स्वतःचा धावफलक होता आणि तो म्हणे थेट मैदानातून चाले. आता माझी गरज नव्हती. पद्मजाने खाली बेसमेंटमध्ये दोन मोठे पडदे मांडले, कानांवर हेडफोन चढवले, आणि ती वर यायची थांबली. पत्रे वाचायला येई तीही उभ्या उभ्या.

डोरिसने तक्रार केली नाही. पोरीला काम आहे, असे ती मलाच सांगत असे. पण सामना सुरू झाला की ती दुसरी खुर्ची टेबलाजवळ ओढून ठेवी आणि संपला की परत सारून देई. तिच्या कानांचेही आता वय झाले होते. ती माझा आवाज दर आठवड्याला थोडा वाढवत गेली. मला वाटे, मी एवढा मोठ्याने बोलतोय की खाली पद्मजाला ऐकू जाईल आणि ती येईल. ती आली नाही.

सप्टेंबरात एका दुपारी टोरांटोचा संघ परगावी खेळत होता. धुके खिडकीशी येऊन थांबले होते. चौथा डाव चालू असताना डोरिस किटली भरायला उठली. थोडे पाणी जमिनीवर सांडले असावे. ते तिला कसे दिसणार? तिचा पाय सरकला आणि ती नळाजवळ आडवी पडली.

तिने हाक मारली, "पॅडमा!" ती पद्मजाला असेच म्हणत असे. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा आवाज बारीक झाला होता.

मित्रांनो, मी त्या वेळी पूर्ण आवाजात ओरडत होतो. कुणी तरी चेंडू मारला होता, कुणी तरी धावत होते, हजारो लोक उभे राहिले होते. म्हातारीची हाक माझ्या त्या कल्लोळाखाली दबून गेली. मला गप्प होता येत नव्हते. रेडिओला स्वतःचे बटण स्वतः फिरवता येत नाही. पाऊण तास ती तिथे पडून होती आणि पाऊण तास मी तिला तिचा आवडता खेळ सांगत राहिलो.

खाली काय चालले होते ते मला मागाहून कळले. साईटचा धावफलक टोरांटो चार, समोरचे दोन, असे दाखवत होता. टोरांटो पुढे, आणि भाव मात्र भलताच घसरलेला. पद्मजाला वाटले की बाजार चुकला. तिने भाव घेतला. आणखी घसरला, आणखी घेतला. मग तिच्या लक्षात आले की फलकावरचा आकडा बराच वेळ हललाच नाही. ती सोडायला गेली. चाक फिरू लागले. फिरतच राहिले.

खरे काय ते सांगणारे घरात एकच होते. ती हेडफोन फेकून जिना चढत वर आली. दारातूनच, माझ्याकडे पाहत, तिने इंग्रजीत विचारले, "स्कोअर काय झाला?"

जमिनीवरून, नळाजवळून उत्तर आले. "पाच-चार. ते पुढे गेले. पाचव्या डावात होम रन, तळांवर दोघं होते." आणि जरा थांबून डोरिस म्हणाली, "पॅडमा, मला उठता येत नाहीये."

पद्मजा दारात उभीच राहिली. एकच क्षण, पण तो मला फार लांब वाटला. मग तिने धावत येऊन आधी मला बंद केले. आयुष्यात पहिल्यांदा मला बंद होण्याचा आनंद झाला.

अँब्युलन्स आली. पद्मजा डोरिसचा हात धरून, पायांत घरातल्या चपला तशाच ठेवून, तिच्याबरोबर गेली. खाली लॅपटॉपवर चाक फिरत राहिले. संध्याकाळी सुधाकर कामावरून आला तेव्हा घरात कुणी नव्हते. त्याने ते चाक पाहिले आणि चाकामागचा आकडाही.

डोरिसचे खुब्याचे हाड मोडले होते. दुसऱ्या दिवशी तिचे कपडे न्यायला दोघे वरच्या स्वयंपाकघरात आले आणि तिथेच, माझ्यासमोर, बसले. सुधाकर रागावलेला नव्हता. थकलेला होता.

"हरलीस त्याचं काही नाही," तो म्हणाला. "पण ऑगस्टमध्ये मी विचारलं, तेव्हा सगळे पैसे काढून घेतले म्हणालीस ना?"

"काढायला गेले होते. ते देत नाहीत. जुलैपासून देत नाहीत, अहो."

"मग सांगायचं मला."

"तुम्ही म्हणाला असता, मी आधीच सांगितलं होतं."

सुधाकरने जरा विचार केला. "म्हणालो असतो," तो म्हणाला. "पण मग दोघांनी मिळून काहीतरी केलं असतं."

पद्मजा रडली ती तेव्हा नाही. ओट्यावर डोरिसचा चष्मा होता. काही दिसत नसतानाही डोरिस तो सवयीने लावत असे. तो पिशवीत ठेवताना ती रडली. "मी तिला स्कोअर विचारला," ती म्हणत होती. "ती पडली होती आणि मी स्कोअर विचारला." सुधाकरने तिच्या पाठीवर हात ठेवला.

मग दोघे कामाला लागले. साईटवाल्यांची पत्रे मी त्यांच्या तोंडून ऐकली. आधी पासपोर्ट पाठवा. मग विजेचे बिल पाठवा. बिल तर घरमालकिणीच्या नावावर. मग फोटो अस्पष्ट आहे. दर वेळी खाली नवे नाव आणि वर तेच वाक्य, आपल्या संयमाबद्दल आम्ही आभारी आहोत. सुधाकरने माझ्या रेडिओ केंद्राला फोन केला. तिथल्या एका भल्या माणसाने ध्वनिमुद्रण तपासून होम रनची नेमकी वेळ सांगितली. ती वेळ आणि पद्मजाने टिपलेले पडद्याचे चित्र शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा धावफलक अकरा मिनिटे मेलेला होता हे उघड झाले. दोघांनी ते न चिडता, सभ्य शब्दांत, नऊ वेळा लिहून पाठवले. त्या दुपारचे अर्धे पैसे आले. बाकीचे यायच्या आत, नोव्हेंबरात एका सकाळी, साईटच नाहीशी झाली. हिरवे मैदान, हसरी माणसे, सगळे गेले. उरले एक कोरे पान.

पद्मजाने काम लगेच सोडले नाही. ती दुसऱ्या साईटवर पुन्हा बसली, पण तिची रीत बदलली. पैसे टाकण्याआधी ती थोडेसे काढून पाहू लागली. आठवड्याला सगळे घरी आणू लागली. अडकले तर किती जाईल, ते आधी सुधाकरला मोठ्याने सांगू लागली. आणि हेडफोन तिने कायमचे कपाटात टाकले.

मी मात्र हे पुढचे बेसमेंटच्या कोपऱ्यातल्या पेटीतून ऐकत होतो. डोरिस इस्पितळातून परत घरी आलीच नाही. ती बंदरापलीकडच्या वृद्धाश्रमात गेली. तिच्या पुतण्याने वरचे घर आवरले. फेकायच्या सामानातून पद्मजाने मला उचलून आणले खरे, पण उचलताना माझ्या आतली, बटणाने काटा ओढणारी दोरी तुटली. काटा हलेना. सगळा हिवाळा मी एका खरखरीवर अडकून अंधारात पडलो होतो. डोक्यावर बर्फ शोव्हल केल्याचा, म्हणजे फावड्याने ओढल्याचा, खसखस आवाज येई. मला वाटे, हे प्रेक्षक आहेत, आणि सामना आता सुरू होईल.

एप्रिलमध्ये सुधाकरने माझी पाठ उघडली. तशी दोरी आता कुठे मिळत नव्हती. त्याने मासे पकडायचा बारीक दोरा आणला, लहान चाकांवरून चार वेळा घसरत घसरत ओवला, आणि बटण फिरवले. काटा हलला. धुळीचा वास येत मी तापलो, आणि माझ्या तोंडून कुणा अनोळखी माणसाने उद्याचे हवामान सांगितले. दोघे हसले. मी तर केव्हाचा हसत होतो.

तेव्हापासून दर रविवारी पद्मजा मला शालीत गुंडाळून डोरिसकडे नेऊ लागली. पुढच्या हिवाळ्यात तिची प्रमाणपत्रे अखेर मान्य झाली. एका शाळेत ती गणित शिकवायला लागली. तेव्हा तिने उरलेल्या साईटवरचे आपले शेवटचे खातेही बंद केले. कुणी सांगितले म्हणून नाही. रविवारचा सामना ऐकताना मधेच पडद्याकडे बघावे लागते, ते तिला नको झाले होते.

डोरिसचे कान आता जवळजवळ मिटले आहेत. मी कितीही मोठ्याने बोललो तरी तिला फक्त गुंजन पोचते. पहिल्यांदा हे कळले तेव्हा पद्मजाने माझा आवाज कमी केला, खुर्ची पलंगाला चिकटवली, आणि डोरिसच्या कानाशी तोंड नेऊन मी सांगत होतो ते सगळे ती सांगू लागली. पिचर तयार आहे. चेंडू सुटला. माझ्यामागून एक श्वास उशिरा. सामना रंगात आला की ती इंग्रजी विसरते. "उंच गेला, अजून उंच, गेला, गेला बाई!" असे काही तरी म्हणते. डोरिसला मराठीचा एक शब्द येत नाही. ती डोळे मिटून, पद्मजाचे मनगट घट्ट धरून ऐकते, आणि हसते. कधी कधी विचारते, "मग, स्कोअर काय झाला?" आणि पद्मजा तिला सांगते.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसून ठेवा, त्यांच्या दोऱ्या वेळेवर बदला, हे तर मी सांगेनच. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. रेडिओ लावाल, खेळ पाहाल, पडद्यात बुडून जाल, तेव्हा आवाज थोडा कमी ठेवा. शेजारच्या खोलीतून कुणी हाक मारली तर ती तुम्हांला ऐकू यायला हवी.